मच्छरदाणीची वर्गणी

नारळी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि पाऊस असा पडत होता, की त्याला ओव्हरटाइम मिळतोय की काय. गोखले नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली तेजल उभी होती. तिच्याकडे छत्री होती. पण ती गेल्या आठवड्यात भाट्याच्या पुलावर उलटी झाली होती, आणि त्यानंतर तिने सुलटं व्हायचं मनावर घेतलं नव्हतं.

शेजारी एक मुलगा उभा होता. चष्म्यावर थेंब, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत दोन बांगडे. भर श्रावणात.

तेजलने बांगड्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मांजराचे आहेत," तो म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

"नाही. पण बांगडे तुमच्याकडे बघत होते, म्हणून खुलासा केला."

एरवी ती हसली असती. पण आज तिला हसायचं नव्हतं, कुणाला तरी बोलायचं होतं. ओळखीच्या माणसाला बोललं तर तो लक्षात ठेवतो. अनोळखी बरा.

"तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं?"

"थोडंफार."

"मच्छरदाणी माहितीय? ब्राउझरला जोडायचं ते एक्स्टेन्शन. जाहिराती अडवतं."

मुलाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "...ऐकलंय."

"दीड वर्ष फुकट होतं. इतकं छान, की नेटवर जाहिराती असतात हेच मी विसरले होते. आणि आज सकाळी बंद. स्क्रीनवर एक खोका आला. 'आपली मोफत सेवा खंडित करण्यात आली आहे. वार्षिक आकार रुपये १५१ फक्त. पैसे डिमांड ड्राफ्टने भरावेत. विलंब झाल्यास पुनर्जोडणी आकार वेगळा.' आता मला सांगा, विलंब कसला? मला आज सकाळपर्यंत पत्ताच नव्हता."

"पुनर्जोडणी आकार जरा जास्तच झाला," मुलाने कबूल केलं.

"मी वधू-वर सूचक केंद्रात काम करते. आज पावस गावचे धाकूअण्णा आलेले. हापूसची तीनशे कलमं, एकुलती एक मुलगी. मी दापोलीचा मुलगा काढला, कृषी पदवीधर. स्क्रीन अण्णांकडे वळवला. तर मुलाच्या फोटोवर एक बाई आली."

"बाई?"

"कपडे घरी ठेवून आलेली. खाली इंग्रजीत लिहिलेलं, तुमच्या परिसरातल्या एकाकी स्त्रिया तुमची वाट बघतायत. अण्णांनी चष्मा लावला, नीट बघितलं आणि मला विचारलं, 'ही मुलाची बहीण काय गो?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार... चुलत बहीण म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, 'घरची परिस्थिती नाजूक दिसते.' आणि उठून गेले."

मुलगा खूप वेळ पावसाकडे बघत राहिला. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

"हसताय तुम्ही."

"छे. थंडी वाजतेय."

"तो मच्छरदाणीवाला मला भेटू दे एकदा. मला तर तो दिसतोच डोळ्यांसमोर. पन्नाशीचा. टक्कल. पुण्याचा."

"असेलही," मुलगा म्हणाला. मग चष्मा पुसत, अगदी सहज— "उद्या येऊन बघू का तुमचा कॉम्प्युटर?"

"किती घ्याल?"

"काही नाही."

"फुकट?" तेजलचे डोळे बारीक झाले. "दीड वर्षाने खोका येणार नाही ना?"

पाऊस तेवढ्यात थोडा उणावला, म्हणून त्याला उत्तर द्यावं लागलं नाही.

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मच्छरदाणीवाला तोच होता. उन्मेष. वय सव्वीस, डोक्यावर केस भरपूर, राहणार खालची आळी, रत्नागिरी.

दीड वर्षापूर्वी त्याने मच्छरदाणी केली ती स्वतःपुरती. मग मित्राला दिली, मित्राने मित्राला, आणि बघता बघता अकरा हजार माणसं तिच्याखाली शांत झोपली. त्यांच्यापायी उन्मेष मात्र झोपत नसे, कारण जाहिरातवाले रोज नवं भोक शोधत आणि याला रोज टाका घालावा लागे. शेवटी त्याचे वडील, दत्तात्रेय सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, त्यांनी प्रश्न मांडला. पुण्याच्या एका कंपनीचं नेमणुकीचं पत्र कपाटात पडलं होतं. "दसऱ्यापर्यंत पैसे देणारी शंभर माणसं दाखव. मग राहा इथे आणि कर हेच. नाही तर त्या पत्राला हो कळव."

उन्मेषला रत्नागिरी सोडायची नव्हती. का, असं विचारलं तर तो वाक्य सुरू करायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

अडचण वेगळीच होती. त्यांच्या घरात कुणी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजाऱ्यांकडे शिडी होती, तरी हे लोक माळ्यावरचं काढायला खुर्चीवर स्टूल ठेवायचे, आणि दर दिवाळीला कुणीतरी एक जण लंगडायचा. असा मुलगा अकरा हजार लोकांकडे पैसे मागायला बसला. तीन दिवस त्याला एक ओळ सुचली नाही. चौथ्या दिवशी त्याने खणातून विजेचं बिल काढलं आणि त्यामागचा मजकूर उतरवून घेतला. नाव-गाव घालायची लाज वाटली, म्हणून एक ई-मेलचा पत्ता तेवढा दिला.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात हजर झाला. तेजलला गुपचूप मच्छरदाणी चालू करून देणं त्याच्या हातात होतं. पण मग ती विचारणार, कशी केलीत? आणि पैसे भरा असं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने बराच वेळ स्क्रीनचं निरीक्षण केलं.

"उपाय एकच," तो गंभीरपणे म्हणाला. "हाताने बंद करायच्या."

"म्हणजे?"

"मी इथे बसतो. जाहिरात आली की मिटवतो."

आणि तो बसला. खरंच बसला. तेजल स्थळं दाखवायची, उन्मेष शेजारच्या स्टुलावर माऊस धरून दबा धरून बसायचा. त्याचा वेग विलक्षण होता. खिडकी अर्धी उघडते न उघडते तोच तो तिचा गळा धरी. वधुपित्यांना काही दिसत नसे. एकाने तेवढं विचारलं, हा मुलगा सारखा टिकटिक काय करतो. "पत्रिका जुळवतो," तेजलने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या चालक मालिनीताई बाहेर आल्या. त्यांनी आयुष्यात एक हजार चाळीस लग्नं जमवली होती, त्यामुळे त्यांना आता कशाचं नवल वाटत नसे.

"हा कोण गो?"

"जाहिराती बंद करतो, ताई."

"रोज येणार?"

"पाऊस असेपर्यंत," उन्मेष म्हणाला.

मालिनीताईंनी आधी बाहेरचं आभाळ बघितलं, मग तेजलचा चेहरा. "यंदा लांबेल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुम्ही-आम्ही कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो तिच्या डब्यातली घावनं खायचा. ती त्याच्या चष्म्याची काच ओढणीने पुसून द्यायची, आणि मग पुसून झाली तरी जरा वेळ हातातच ठेवायची...

"तू त्या मच्छरदाणीपेक्षा बरा," एकदा ती म्हणाली. "ती बोलत नव्हती."

"मीही कुठे बोलतो?"

"बोलत नाहीस. पण न बोलणं ऐकू येतं तुझं."

एका दुपारी दोघांचेही हात एकाच वेळी माऊसवर गेले. तिचा खाली, त्याचा वर. स्क्रीनवर लाल-पिवळी अक्षरं नाचत होती. अभिनंदन, दहा लाखावे पाहुणे तुम्हीच, तुम्ही जिंकला आहात. मिटवायला हवी होती ती जाहिरात. पूर्ण एक मिनिट कुणी मिटवली नाही.

भाद्रपदात तेजलने मच्छरदाणीवाल्याला धडा शिकवायचं ठरवलं. कोकणातलं माणूस फार संतापलं की कोर्टात जात नाही, देवाला गाऱ्हाणं घालतं. तिने एका मराठी संकेतस्थळावर मोठ्ठं गाऱ्हाणं टाकलं आणि उन्मेषलाच वाचून दाखवलं.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय हा मच्छरदाणीवाला, ज्याने दीड वर्ष फुकट दिलान आणि एका सकाळी न सांगता काढून घेतलान, त्याच्या घरात रोज संध्याकाळी लाइट जाऊ दे म्हाराजा. त्याला ड्राफ्टच्या लायनीत उभा कर, आणि त्याचा नंबर येताच खिडकी बंद कर म्हाराजा. जो कोणी त्याला एक पैसा देईल, त्याचो माऊस अडकू दे म्हाराजा."

खाली एकामागून एक लोकांनी लिहिलं होतं: व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.

"चारशे बारा जण," तेजल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कुणीच देणार नाही आता. कसं वाटलं?"

"छान लिहिलंयस," उन्मेष म्हणाला. आणि ते खरंच छान होतं, हे त्याचं मोठं दुःख होतं. तोवर एकतीस जणांनी पैसे भरले होते. त्यात गुहागरची एक आत्या होती, जिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

जरा वेळाने तो म्हणाला, "दसऱ्यानंतर मी बहुतेक इथे नसेन."

"कुठे?"

"पुणे. नोकरी आहे."

तेजलने डब्याचं झाकण लावलं. लागलेलंच होतं, परत लावलं. "...मग जाहिराती?"

"तू मिटवशील. सोपं असतं."

"मला नाही शिकायचं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायची पाळी या वेळी तिची आली.

घोटाळा उघडकीला आणला तो मालिनीताईंनी. त्यांना ही तत्त्वाची लढाई वगैरे मान्य नव्हती. "दीडशे रुपयांत लग्नाचा हॉलपण झाडून देत नाहीत," असं म्हणून त्यांनी मच्छरदाणीवाल्याला परस्पर मेल केली, की ड्राफ्ट कुणाच्या नावाने काढू. ड्राफ्टला नाव लागतंच. उत्तर आलं, त्याचा कागद त्यांनी तेजलच्या हातात दिला आणि बँकेत पिटाळलं. बँकेच्या दारात तिने तो वाचला. उन्मेष दत्तात्रेय. खालची आळी.

तिने ड्राफ्ट काढला. परत आली. उन्मेष स्टुलावर बसलाच होता. एक शब्द न बोलता तिने कॉम्प्युटरवर आपल्याला माहीत असलेली सगळ्यांत घाणेरडी साइट उघडली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. जाहिराती आग्या मोहोळासारख्या उठल्या. एक मिटवावी तर चार. दहा मिनिटं तो घामाघूम होऊन लढत होता.

"दमलास?"

"हो."

"पन्नाशीचा. टक्कल. पुण्याचा."

उन्मेषचा माऊसवरचा हात थांबला. "...वेळ दे. सगळं होईन."

"माझं गाऱ्हाणं मी तुलाच वाचून दाखवलं. आणि तू म्हणालास छान."

"छानच होतं. आमच्याकडे दोनदा लाइट गेली."

"हसवू नकोस मला." तिने हाताची घडी सोडली. "पैसे मागितलेस त्याचा राग नव्हता रे. फुकट कुणी किती दिवस राबेल, कळतं मला. पण सांगायचंस ना आधी. एक ओळ. एका सकाळी दाराला कुलूप, वर दंडाची नोटीस... आपण याचे कुणीच नव्हतो असं वाटलं."

मग उन्मेषने सांगितलं. शिडीचं, विजेच्या बिलाचं, दत्तात्रेय सरांच्या शंभर माणसांचं, पुण्याच्या पत्राचं. एवढी सलग वाक्यं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

तेजल मटकन खुर्चीत बसली. चारशे बारा माणसांना शपथ घालून हा मुलगा तिने स्वतःच्या हाताने पुण्याला पाठवायला काढला होता.

"किती झालेत?"

"ताईंचा धरून चव्वेचाळीस."

"आणि दसरा?"

"सोळा दिवस."

"सरक," तेजल म्हणाली आणि कीबोर्ड पुढे ओढला. "तुझं ते बिल फाडून टाक. मी लिहिते."

तिने लिहिलं, आणि पुढच्या सकाळी अकरा हजार स्क्रीनवर ते उमटलं:

'नमस्कार. मच्छरदाणी करणारा मुलगा: उन्मेष. वय २६. उंची पाच फूट आठ. इंजिनिअर, निर्व्यसनी, चष्मा आहे. गेलं दीड वर्ष तो तुमच्यासाठी जागतोय, हे त्याने सांगितलं नाही, कारण त्यांच्या घरी सांगायची पद्धत नाही. न कळवता सेवा बंद केली ही चूक त्याची. त्याला समज दिली आहे. आजपासून सर्वांची मच्छरदाणी परत चालू, पैसे न देणाऱ्यांचीही. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाला १५१ रुपये द्यावेत. दसऱ्यापर्यंत शंभर जण झाले तर तो रत्नागिरीत राहील, नाही तर पुण्याला जाईल. त्याने जाऊ नये असं काही लोकांना वाटतं.'

"काही लोक म्हणजे कोण?" उन्मेषने विचारलं.

"लोक," तेजल म्हणाली आणि फाइल शोधायला कपाटात डोकं घातलं.

गाऱ्हाणंही तिने मागे घेतलं. देवाची क्षमा मागून, सविस्तर. त्याखाली लोकांनी पुन्हा व्हय म्हाराजा लिहिलं. काही जण म्हणाले, फुकट ते फुकटच, आम्ही देणार नाही. तेही त्यांच्या जागी बरोबर होते, आणि त्यांचीही मच्छरदाणी चालू होती. पण ड्राफ्ट यायला लागले. अलोऱ्याच्या कॉलनीतून पाच जणांनी एकत्र काढला. मस्कतहून एकाने पैसे पाठवता येत नाहीत म्हणून भावाला सांगून पाठवले.

ड्राफ्टांबरोबर आणखीही काही आलं, ज्याचा तेजलने विचार केला नव्हता. लिहिण्याचं वळण शेवटी वधू-वर केंद्राचं. सतरा जणांनी उन्मेषची पत्रिका मागवली होती.

मालिनीताईंनी नियमाप्रमाणे त्याच्या नावाची फाइल उघडली आणि तेजलपुढे ठेवली. "दाखव त्याला. आपलं काम आहे ते."

"ही बघ," तेजल कोरड्या आवाजात म्हणाली. "संगमेश्वरची. पण उंच आहे फार."

"पाच तीन?"

"उभी राहिली की वाटेल. ही दुसरी, गाणं शिकलेली."

"ते वाईट?"

"रोज ऐकावं लागेल. पहाटे. ही तिसरी... हिचं काही नाही. बरी आहे."

"मग?"

"मग काय. अक्षर वाईट आहे."

उन्मेषने फाइल हळूच मिटवली. जाहिरात मिटवावी तशी.

खंडेनवमीच्या दुपारी पोस्टमन शेवटचा येऊन गेला. उद्या दसऱ्याची सुट्टी. पावसाने मुक्काम चांगलाच लांबवला होता, तोही आता कंटाळला होता. उन्हात मारुती मंदिराकडची फुलवाली ओरडत होती. टेबलावर नव्याण्णव झाले होते. तेजलने तीनदा मोजले. तिन्ही वेळा नव्याण्णव.

"तू भर ना एक," मालिनीताई आतून म्हणाल्या. "बँक अडीचपर्यंत आहे."

उन्मेषने ड्राफ्टांची चवड सरळ केली. 'भर' म्हणणं त्याला जमणारही नव्हतं.

तेजलने पर्स उघडली. मग मिटली. "नाही भरणार."

"अजून राग आहे?" उन्मेषने विचारलं.

"राग नाही. 'दीडशे रुपये भरून मला ठेवून घेतलंस', असं तुझ्याकडून आयुष्यभर नाही ऐकायचं मला."

आतल्या खोलीत मालिनीताईंची बांगडीसुद्धा वाजेनाशी झाली.

"आयुष्यभर म्हणालीस," उन्मेष म्हणाला.

तेजलचे कान लाल झाले. "...बोलायची पद्धत असते."

"तुमच्या घरी?"

"उठ," ती म्हणाली. "घरी जा आणि बाबांना सांग, नव्याण्णव झाले आणि मी राहतोय. सांगता येत नसेल तर माग. तोंड उघडून माग एकदा."

तो उठला. दारापर्यंत गेला. वळला. "तू येतेस?"

"मी कशाला?"

"दोन गोष्टी मागायच्यात. दुसरी एकट्याने मागता येणार नाही."

खालच्या आळीत दत्तात्रेय सर ओटीवर हत्यारांची पूजा मांडत होते. विळी, कोयता, फळ्यावरचा लाकडी कंपास, आणि या सगळ्यांत मधोमध उन्मेषचा कीबोर्ड. एंटरवर हळद-कुंकू, स्पेसबारवर झेंडू. चपलांजवळ उभं राहूनच उन्मेषने सांगितलं.

"बाबा, नव्याण्णव झाले. एक कमी पडला. तरी मला इथेच राहायचंय. राहू द्या."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मुलाने त्यांच्याकडे काही मागितलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे त्यांना अर्थ लागायला वेळ लागला.

"छत्तीस वर्षं पोरांना पस्तीसला पास केलं मी," शेवटी ते म्हणाले. "नव्याण्णवला घरच्याला नापास केलं तर लोक काय म्हणतील? राहा." मग त्यांची नजर मागे उभ्या तेजलकडे गेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून परत सोडणाऱ्या. "आणि?"

"आणि... दुसरं आहे एक."

"ते हिला विचारून झालं?"

उन्मेषने चपलांकडे बघितलं.

"मग माझ्याकडे काय आधी? क्रम चुकला तर पायरीचे मार्क जातात," असं म्हणत सर हातातलं झेंडूचं फूल तिथेच ठेवून आत निघून गेले.

ओटीवर दोघंच राहिली. परसात सुपारीची झावळी सळसळली. उन्मेषने वाक्य सुरू केलं आणि सवयीने खिडकीकडे बघायला गेला, पण ओटीला खिडकी नव्हती. तेजलला पुढचे सगळे शब्द येत होते. तिने एकही पुरवला नाही. नुसती बघत उभी राहिली. त्याला चष्मा काढताना, परत लावताना.

मग त्याने मागितलं. पूर्ण वाक्यात, तिच्याकडे बघून.

होकार तर केव्हाचा तयार होता. पण इतक्या कष्टाने कुणी मागितल्यावर लगेच हातावर ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तेजलने मनात पाचापर्यंत मोजायचं ठरवलं.

तिनालाच ती हो म्हणाली.